समुद्रसहलीतील फसवणूक : सावध राहिलेले बरे

औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. पण समुद्र पाहायचा तर हिंगोलीकरांना थेट कोकण वा गोवा गाठावे लागते. वर्षानुवर्षे ठरवून, पैसे साठवून काढलेली ही सहल असते. किनारा अनोळखी, भाव ठाऊक नाहीत आणि दिवस मोजके. फसवणाऱ्यांना हीच संधी मिळते.

निवासाचे आरक्षण

फसवणुकीचा प्रारंभ बहुधा घरबसल्याच होतो. प्रसिद्ध हॉटेलच्या नावाशी मिळतेजुळते संकेतस्थळ, सुंदर छायाचित्रे, निम्मा दर आणि 'आजच आगाऊ रक्कम भरा' असा आग्रह, ही ठळक लक्षणे होत. बनावट संकेतस्थळांबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५मध्ये पर्यटकांना इशारा दिला होता. दुसऱ्या मार्गाने मिळवलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. रक्कम हॉटेलऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावे मागितल्यास थांबावे. गणपतीपुळे, तारकर्ली येथील पर्यटन महामंडळाच्या निवासांचे आरक्षण महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. 'परतावा देतो, पिन टाका' असे कोणी सांगितले, तर तो भामटाच समजावा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही.

भाड्याची वाहने

गोव्यात स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत वाहनांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन स्वस्त पडते. मात्र अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडू शकते आणि पोलिसांचा दंडही बसतो. वाहन ताब्यात घेण्यापूर्वी मालकासमक्ष चारही बाजूंनी चित्रण करावे. परत करताना जुन्याच ओरखड्यांचे पैसे मागण्याचा प्रकार त्यामुळे टळतो. मूळ आधार कार्ड वा वाहन परवाना तारण ठेवू नये.

जलक्रीडा

मालवण-तारकर्ली परिसरात स्कूबा डायव्हिंग व इतर जलक्रीडांसाठी मोठी गर्दी होते. दलाल 'सर्व खेळ एकत्र' असा अल्प दर सांगतो आणि पाण्यात उतरण्याच्या वेळी होडी, चित्रफीत, साहित्य यांचे पैसे वेगळे मागतो. प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे, चित्रफीत धरून किती रुपये, हे आधीच विचारून पावती घ्यावी. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यावसायिकांना नोंदणी आवश्यक आहे. ती दाखवण्यास सांगावे. येथे प्रश्न केवळ पैशांचा नसतो. जीवरक्षक जाकीट न देणाऱ्या किंवा क्षमतेहून अधिक माणसे भरणाऱ्या होडीत बसूच नये. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी 'गुपचूप नेतो' म्हणाला, तर तो जिवाशी खेळ ठरेल.

जेवण आणि खरेदी

पापलेट, सुरमईचा दर आकारमानानुसार बदलतो. मासा तळण्यास सांगण्यापूर्वी त्याची किंमत विचारावी. सेवा शुल्क सक्तीचे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये हीच भूमिका उचलून धरली. दुकानदाराला बंद बाटलीवरील छापील किमतीहून अधिक घेता येत नाहीत. हॉटेलात बसून घेतल्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार तो नियम लागू होत नाही. कोकणच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी रस्त्याकडेला परप्रांतीय आंबा त्याच नावाने खपवला जातो. पेटी उघडून, खालचा थर पाहूनच पैसे द्यावेत.

फसवणूक झालीच तर

ऑनलाइन पैसे गेल्यास लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक. व्यवहाराचा क्रमांक व संदेश जपून ठेवावेत. ग्राहक तक्रारीसाठी १९१५, पर्यटकांसाठी १३६३ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. किनाऱ्यावरील बहुसंख्य व्यावसायिक प्रामाणिकच असतात. दर विचारणाऱ्या, पावती मागणाऱ्या ग्राहकाचा त्यांना राग येत नाही; ज्याला येतो, त्याच्याकडून पुढे निघावे.