मेंदूतला फुगा आणि चांदीची क्लिप

मंडळी, चांगला धडधाकट माणूस डोकं धरून कोसळला आणि गेला, की गावात दोनच कारणं निघतात. अटॅक आला, नाहीतर बाहेरचं काहीतरी झालं. तिसरं कारणही असू शकतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि तिथं फुगा धरतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला धरतो तसा. हाच अ‍ॅन्युरिझम. बहुतेक फुगे आयुष्यभर फुटत नाहीत. फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरतं.

पूर्वी हा फुगा दिसायचा तो बहुधा शवविच्छेदनातच. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मानेच्या धमनीत औषध सोडून एक्स-रे काढला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या दिसल्या. अँजिओग्राफी म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं, पण मेंदूची अँजिओग्राफी त्याच्या आधीची आहे.

१९३१ मध्ये एडिंबरात नॉर्मन डॉट यांनी फुटलेल्या फुग्यावर रुग्णाच्याच मांडीतला स्नायू लावून रक्त थांबवलं. रुग्ण वाचला. १९३७ मध्ये बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी ४३ वर्षांच्या एका माणसाच्या फुग्याच्या मानेला चांदीची क्लिप लावली. त्याची एका डोळ्याची पापणी पडली होती, त्यावरून जागा ओळखली होती. १९९० पासून कवटी न उघडता, मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरता येऊ लागली.

म्हणजे उपाय आहेत. आपलं घोडं अडतं ते आधीच. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं क्षणात दुखायला लागतं, उलटी होते, मान आखडते, कधी पापणी पडते. आपण म्हणतो पित्त असेल, गोळी घे, झोप. इथं तास मोलाचे असतात. पहिल्या काही तासांतल्या सीटी स्कॅनमध्ये हे रक्त बहुतेक वेळा दिसतंच. तेव्हा थांबू नका, १०८ ला फोन करा. बीपीची गोळी सोडू नका, विडी-सिगारेट सोडा.

आणि नेतेमंडळी भेटली की एवढं विचारा: आपल्याला जवळचं सीटी स्कॅन मशीन रात्री दोन वाजता चालू असतं का? रिपोर्ट कोण बघतं? मीही विचारणार आहे. मिळालेलं उत्तर इथंच टाकतो.