पोथीची बांधणी आणि खिळ्याचे अक्षर

झाशी शहराच्या जुन्या कोटाला ज्या वेशी होत्या, त्यांपैकी लक्ष्मी दरवाजा, म्हणजे आजच्या बोलण्यातले लक्ष्मी गेट, ही पूर्वेकडची वेस होय. तिच्यातून बाहेर पडणारी वाट लक्ष्मीतलावाकडे आणि नेवाळकर घराण्याने आराधिलेल्या महालक्ष्मीच्या देवळाकडे जाते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्रीही याच परिसरात आहे. बुंदेलखंडातील या संस्थानात दक्षिणी मंडळींचा राबता मोठा होता. पूजाअर्चा, दानधर्म, दप्तर आणि विद्याव्यासंग या सर्व बाबतींत झाशीचे नाते कोकणाशी व देशाशी अखंड राहिले होते. या नात्याचा सर्वांत मौल्यवान ठेवा म्हणजे राजवाड्यातील ग्रंथसंग्रह. १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले, तेव्हा तो नष्ट झाला.

या संग्रहाची वार्ता वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात नोंदवून ठेवली आहे. वेढ्याच्या दिवसांत ते झाशीतच होते. माणसे मारली गेली, घरे जळाली, लूट झाली, हे सारे सांगून झाल्यावर या भिक्षुकाची लेखणी पोथ्यांच्या नाशापाशी थांबते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सोन्यानाण्याची लूट भरून निघू शकते. हस्तलिखिताची तशी निघत नाही. एक पोथी जळाली म्हणजे तिचा पाठ, तिच्या समासातील टिपणे, तिच्या लेखकाचे वळण, सर्व एकदमच जाते. मुद्रणाच्या युगापूर्वीच्या ज्ञानव्यवहाराचे सामर्थ्य आणि त्याचे भय या एका प्रसंगात एकवटलेले दिसते.

तथापि जळाले ते नेमके काय, हा प्रश्न साहित्याच्या इतिहासकाराने आणखी एका अंगाने विचारणे अगत्याचे आहे. पोथी म्हणजे केवळ मजकूर नव्हे. ती एक योजनापूर्वक घडवलेली वस्तू असते. आडवी, सुटी पाने. दोन्ही बाजूंना आखलेले समास. बोरूच्या तिरक्या छाटामुळे येणारी जाड-बारीक रेघ. चूक झाकण्यासाठी हरताळ आणि महत्त्वाच्या जागी हिंगुळाचा तांबडा रंग. वर-खाली लाकडी फळ्या आणि त्यांभोवती वस्त्राचा वेठण. सटीक ग्रंथाची मांडणी तर विशेष पाहण्याजोगी. ‘त्रिपाठ’ पद्धतीत मूळ श्लोक पानाच्या मध्यभागी ठळक अक्षरांत असतो आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत चालते. मूळ कोणते आणि भाष्य कोणते, हे वाचकाला सांगावे लागत नाही. डोळाच ते ओळखतो. शब्दांचे परस्परनाते जागेच्या साहाय्याने व्यक्त करणे, हाच आज ज्याला संकल्पन म्हणतात त्याचा गाभा आहे. झाशीच्या संग्रहातील पोथ्या ज्या परंपरेतल्या, ती अशी विचारी होती.

मराठी मुद्रणाचा आरंभ या परंपरेच्या अनुकरणातून झाला. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटाला अक्षरे कोरण्याची विद्या शिकवण्यात आली आणि पुढे १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी दूर श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापून निघाले. एकाच सालातील या दोन घटनांत दोन भिन्न बुद्धी दिसतात. तांबटाने पान हे एक अखंड चित्र मानले. खिळे ओतणाऱ्याने पान फोडून त्याचे अवयव केले. पहिली पद्धत हाताशी इमान राखते. पण प्रत्येक पानासाठी सारे श्रम नव्याने करायला लावते. दुसरी पद्धत श्रम वाचवते. पण अक्षराचा सांधा तोडते.

या दोहोंमधला एक मार्ग शिळाप्रेसने काढला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३० नंतरच्या दशकात स्वतःचा शिळाछापखाना उभा केला, शाई व साहित्य स्वतः खटपट करून सिद्ध केले आणि पंचांग छापून ते घरोघर पोचवले. छापील कागदाच्या विटाळाची शंका घेणाऱ्या सोवळ्या गिऱ्हाइकांसाठी शाईत चरबीऐवजी तूप घातले जाई, अशी हकीकत सांगितली जाते. ती अक्षरशः खरी धरली वा न धरली, तरी तिचे मर्म स्पष्ट आहे: वाचकाच्या मनातील पोथीचे पावित्र्य न दुखावता छापील वस्तू त्याच्या देव्हाऱ्यापर्यंत कशी न्यायची, याचा विचार मुद्रकाने केला होता. दगडावर लेखकाचे वळण जसेच्या तसे उतरत असल्यामुळे शिळाछापाची पुस्तके दिसायलाही पोथीसारखीच राहिली.

खरी कसोटी लागली ती खिळ्यांच्या बाबतीत. रोमन लिपीची अक्षरे एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात. देवनागरीला मात्र तीन मजले असतात. मधे अक्षराचे अंग, वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, खाली उकार व ऋकार. शिवाय जोडाक्षरांचा विस्तार आणि सर्वांना बांधणारी शिरोरेघा. मात्रा निराळी ओतावी तर ती अक्षरापासून सुटते. खिळ्याच्या बाहेर झुकती ठेवावी तर दाबाखाली मोडते. प्रत्येक संयोगाचा स्वतंत्र खिळा करावा तर जुळाऱ्यापुढील खणांची संख्या शेकड्यांवर जाते. आरंभीच्या छापील मराठी पुस्तकांत शिरोरेघा जागोजाग तुटलेली दिसते, याचे कारण येथे आहे.

हा प्रश्न ज्यांनी सौंदर्यबुद्धीने हाताळला, त्यांत जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांचे स्थान अनन्य आहे. जावजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली खिळे घासण्याचे काम करीत. पुढे त्यांनी स्वतःचा ओतकारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून मातृका करायची आणि तीत शिशाचा रस ओतायचा, हा सर्व क्रम यांत्रिक वाटतो. परंतु ठसा कोरणाऱ्याला प्रत्येक अक्षराबाबत एक निर्णय घ्यावा लागतो: हाताच्या लेखनातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे. आरूंनी बोरूच्या तिरक्या छाटाची जाड-बारीक लय ठेवली, गोलाईचा भरदारपणा ठेवला. लेखकाच्या हातापरत्वे होणारा चढउतार तेवढा सोडला. म्हणूनच निर्णयसागरचे अक्षर धातूतून आलेले असूनही लिहिल्यासारखे वाटते.

हीच दृष्टी मांडणीतही दिसते. १८८६ पासून निघू लागलेल्या ‘काव्यमाला’सारख्या मालिकांत मूळ श्लोक मोठ्या टायपात वर आणि टीका बारीक टायपात खाली, अशी रचना रूढ झाली. नित्यपाठाच्या ग्रंथांसाठी आडव्या सुट्या पानांचा घाटही छापखान्याने सोडला नाही. चौरंगावर ठेवून वाचायच्या ग्रंथाला बांधणीचे पुस्तक सोयीचे नाही, हे त्यामागचे व्यवहारज्ञान होते. त्रिपाठ पोथीतले शहाणपण अशा रीतीने शिशात उतरले. झाशीत जळालेल्या पोथ्यांचे पाठ कोणी परत आणू शकत नव्हते. पण त्या ज्या बुद्धीने बांधल्या जात, ती मुंबईच्या छापखान्यात जिवंत राहिली.

या संक्रमणात एक गोष्ट मात्र हरवली. पोथीचा लेखक शेवटच्या पानावर आपले नाव, गाव आणि शक लिहीत असे. ठसे कोरणाऱ्याला तो अधिकार उरला नाही. मिरजेच्या गीतेच्या तांबटाला ‘एक तांबट’ एवढीच ओळख सर्वसामान्य वाचकापाशी उरली आहे. आरूंचे नाव मुद्रणाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा नाही. ग्रंथकाराचे, संपादकाचे, प्रकाशकाचे चरित्र लिहिणारा आपला वाङ्मयेतिहास, ज्याच्या हातून प्रत्येक शब्द वाचकापर्यंत पोचतो त्याच्याबाबत मौन धरून आहे. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) हा बृहद्ग्रंथ या मौनाला छेद देणारा ठळक अपवाद होय.

आणि रूप देणारा हात कधीच तटस्थ नसतो. गोडसे भटजींच्या वृत्तांताचेच उदाहरण बोलके आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सूचनेवरून लिहिलेला तो मजकूर लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्ये वैद्यांनी संस्कार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये बाहेर आला. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने झाशी पाहिली ती भटजींच्या बोलीतून नव्हे, तर छापासाठी सुघड केलेल्या गद्यातून. संपादक भाषेवर जे करतो, तेच संकल्पक अक्षरावर आणि पानावर करतो. दोघांचेही काम साहित्याच्या चिकित्सेचा विषय व्हायला हवे.

विसाव्या शतकात हा धागा जाणीवपूर्वक उचलणारे कलावंत म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८). जाहिरातक्षेत्रात काम केलेले, मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केलेले आणि स्वतः कवी असलेले जोशी अक्षराकडे ध्वनीचे दृश्य रूप म्हणून पाहत. संगणकावरील ‘मंगल’ या देवनागरी टंकाची घडण त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांच्यापुढचे कोडे आरूंपुढच्या कोड्याहून फारसे निराळे नव्हते: तीन मजले, जोडाक्षरे, शिरोरेघा. साधन तेवढे बदलले होते. जोशी मात्र निनावी राहिले नाहीत, हे काळाने केलेले एक परिमार्जन मानता येईल.

लक्ष्मी गेटच्या नावातच या साऱ्या इतिहासाची खूण सापडते. त्यातील ‘ल’ हे अक्षर मराठी परंपरेत पाकळ्यांचे आहे, हिंदी परंपरेत दंडाचे. अ, झ, ण यांची मुंबईकडची वळणे हिंदीच्या प्रमाण लिपीने स्वीकारली. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत मात्र दोन्ही परंपरांची वळणे वेगळीच राहिली. मराठी लेखनातही काही काळ हिंदी वळणाचा शिरकाव झाला. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ पुन्हा अधिकृत केला. मराठी वंशाच्या राजांनी राज्य केलेल्या हिंदी भाषी नगरात त्या वेशीचे नाव दोन्ही वळणांनी लिहिता येते आणि दोन्ही बरोबरच असतात. ती वळणे कोणीतरी विचारपूर्वक घडवली, पोलादात कोरली आणि आपले नाव न घालता मागे ठेवली. ग्रंथालयाच्या नोंदीत ग्रंथकार, संपादक आणि प्रकाशक यांच्या रकान्यांशेजारी अक्षरकाराचा एक रकाना वाढला, तर ते ऋण थोडे तरी फिटेल.