मद्यपान करून वाहन चालवणे : अमेरिकेतील राज्यांचे कायदे
अमेरिकेत हा विषय मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत आहे. पहिला कायदा न्यू जर्सीने १९०६ मध्ये केला. सध्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क ही सर्वसाधारण मर्यादा आहे. भारतातील ३० मिलिग्रॅमच्या तुलनेत ती फारच सैल. यूटाने मात्र २०१८ च्या अखेरीस ती ५० वर आणली. ८० च्या मर्यादेवर राज्यांची एकवाक्यता सहजासहजी झाली नाही. मर्यादा न स्वीकारणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी कापण्याचा संघीय कायदा २००० मध्ये झाला, तेव्हा २००४ पर्यंत सारी राज्ये नमली. या कडकपणामागे कॅन्डी लाइटनर यांचा मोठा वाटा आहे : मद्यधुंद चालकाने मुलीचा बळी घेतल्यावर त्यांनी १९८० मध्ये मातांची संघटना उभारली.

दंड, तुरुंगवास, परवाना निलंबन आणि फुंकर मारल्यावरच गाडी सुरू होऊ देणारे यंत्र, अशा शिक्षा आहेत. विस्कॉन्सिनमध्ये पहिली चूक सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही. इतक्या गंभीर कृत्याला ही सवलत असमर्थनीय आहे. श्वासचाचणी नाकारल्यासही परवाना जातो. परदेशी नागरिकाचा व्हिसा केवळ अटकेमुळेही रद्द होऊ शकतो.