माजी सैनिकांचे नागरी जीवनातील पुनर्वसन : हिंजवडी

सैन्यातून निवृत्त झालेल्यांना नोकरी, उपचार आणि कुटुंबात पुन्हा रुळण्याबाबत येणाऱ्या अडचणी. मूळ अडचण वयाची आहे. जवानाला पेन्शन लागू होण्यासाठी किमान 15 वर्षांची सेवा लागते. शिपाई, नाईक पस्तिशी-चाळिशीत सुटतात. तेव्हा मुले शाळेत असतात आणि नोकरीची उमेद बाकी असते.

मुळशी तालुक्यात एमआयडीसीने वसवलेल्या हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये माजी सैनिक मुख्यतः फाटकावर दिसतो : रजिस्टर, ओळखपत्र, गाडीखाली फिरवायचा आरसा, अनेकदा बारा तासांची ड्यूटी. डिस्चार्ज बुकात त्याचा ट्रेड सिग्नल किंवा वाहनदुरुस्तीचा असला, तरी बाजारात भाव येतो तो गणवेशाच्या सवयीला. हाताखाली दहा-बारा जवान असलेल्या हवालदाराला येथे वयाने लहान सुपरवायझरचे ऐकावे लागते. अधिकाऱ्यांची वाट त्या मानाने सोपी : व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम करून ते कंपन्यांत सुरक्षा वा प्रशासन विभागाचे प्रमुख होतात.

केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना 10 टक्के आरक्षण आहे. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात असून जिल्हा कार्यालये नोंदणी व शिष्यवृत्तीची कामे पाहतात. राज्याचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, सुरक्षारक्षक पुरवते. म्हणजे सरकारी वाटही बहुधा फाटकाकडेच जाते. उपचारांसाठी 2003 पासून ‘ईसीएचएस’ योजना आहे.

घरची घडी बसवणे याहून नाजूक. वर्षानुवर्षे सुट्टीपुरता येणारा माणूस कायमचा घरी येतो, तेव्हा शेतीचे आणि मुलांचे निर्णय त्याच्यावाचून घेण्याची घराला सवय झालेली असते.

अपंगत्व आलेल्या जवानांसाठी खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. 1965 च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले, पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. ‘पद्मश्री’ मात्र 2018 मध्ये मिळाली.

2022 च्या अग्निपथ योजनेने प्रश्नाचे वय आणखी खाली आणले. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन किंवा माजी सैनिकाचा दर्जा नाही.