शाहजोग हुंडी आणि काकांचा पिन

धुळ्याच्या पेठेत माझ्या काकांचं मोटरपंप आणि पाइपांचं दुकान आहे. २०२३च्या मार्चमध्ये एका दुपारी त्यांना फोन आला. समोरचा म्हणाला, मी लष्करात अधिकारी आहे, कॅम्पसाठी बारा पंप हवेत, पैसे आगाऊ पाठवतो. फक्त आमच्या पद्धतीप्रमाणे हा क्यूआर स्कॅन करा. काकांनी स्कॅन केलं, पिन टाकला. ४८,५०० रुपये यायचे होते, तेवढेच गेले.

मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. "पैसा ग्यात भो," एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. रात्रभर त्यांनी काकूलाही सांगितलं नव्हतं. ते ॲप त्यांच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत, फराळ खाता खाता. भाषा मराठी करून दिली, क्यूआरचं स्टँड गल्ल्याशेजारी लावलं. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे एक वाक्य सांगायचं राहिलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मला ते वाक्य सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

त्यानंतर मी एका भलत्याच गोष्टीच्या मागे लागलो. आमचे पणजोबा जळगावला कापसाच्या वखारीत मुनीम होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वेही आली आणि जळगाव ही मोठी पेठ झाली. पणजोबांचा काळ त्यानंतरचा, पण मुंबईशी व्यवहार तोच. फोन नाही, ओटीपी नाही, मग दूरच्या, तोंडही न पाहिलेल्या माणसाला ही मंडळी पैसे कशी देत होती? उत्तर होतं हुंडी.

हुंडी म्हणजे एका पेढीनं दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी: हा कागद आणील त्याला इतके रुपये द्या. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवल्यावर द्यायचे, मुदतीच्या हुंडीचे ठरलेले दिवस भरल्यावर. पण मी थांबलो ते रकमेपाशी. रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि वर 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार' असंही लिहायचं. कोणी एका आकड्यापुढे शून्य वाढवलं तर बाकीचा मजकूर त्याला खोटं पाडणार. आम्ही याला चेकसम म्हणतो आणि कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर शिकतो.

हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. पैसे चुकते झाले की हुंडी रद्द, तिला खोखा म्हणायचं आणि जपून ठेवायचं. म्हणजे एकाच कागदावर दोनदा पैसे उचलण्याची वाट बंद.

सगळ्यात हुशार प्रकार शाहजोग हुंडीचा. तिचे पैसे वाटेल त्याच्या हातात पडत नसत. बाजारात पत असलेल्या 'शाह' म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यामार्फतच ती वटवायची. नंतर हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर पैसे परत करायची जबाबदारी त्या शाहवर. म्हणून तो अनोळखी माणसाला आधी नीट पारखणार, कारण फसला तर त्याचाच खिसा रिकामा. या चालीरीती इतक्या घट्ट होत्या की १८८१चा पराक्राम्य संलेख कायदा करताना इंग्रज सरकारनेही देशी भाषांतल्या अशा कागदांपुरत्या स्थानिक रूढी तशाच राहू दिल्या.

तो काळ सचोटीचा होता असं मला म्हणायचं नाही. बनावट हुंड्या निघत होत्या, म्हणूनच तर हे नियम झाले. आणि 'पत' या शब्दावर आंधळा विश्वास टाकू नये, हे पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या जळगावकरांना मी काय सांगणार. मुद्दा वेगळा आहे. हुंडीत वेळ जात होता, आणि त्या वेळात कोणीतरी जबाबदार माणूस कागद उलटून पाहत होता. २०१६ साली यूपीआय आलं आणि तो वेळ काही सेकंदांवर आला. काकांना ते फार आवडलं. ठगालाही.

यंत्र फोडावं लागत नाही, यंत्राच्या नावाने कोणी 'हो' म्हटलं की पुरतं. त्याचं मोठं उदाहरण आपल्याच पुण्यात, कॉसमॉस बँकेत घडलं. ११ ऑगस्ट २०१८ ला, दुसऱ्या शनिवारी, हल्लेखोरांनी एटीएमला उत्तर देणारी बनावट यंत्रणा मध्ये घुसवली. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत पोचतच नव्हता, मधूनच होकार मिळत होता. २८ देशांत क्लोन केलेल्या कार्डांवर पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. काकांच्या बाबतीत मधला होकार काकांनीच दिला, एवढाच फरक.

आम्ही १९३० वर फोन केला, cyber तक्रारीचं पोर्टलही भरलं. पैसे तोपर्यंत तीन-चार खात्यांतून फिरले होते. त्या नंबरचा सगळा खेळ घाईचा आहे: रक्कम कुठल्यातरी खात्यात असतानाच ती गोठवायची. आमचे जवळपास चोवीस तास लाजेत गेले होते. बँकेच्या शाखेत काकांना ऐकवलं गेलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" खरंच होतं ते. आपल्या हाताने पिन टाकल्यावर नुकसान बहुतेक वेळा आपलंच.

आता दुकानात थोडी हुंडीची शिस्त आली आहे. क्यूआर ज्या खात्याला जोडलाय त्यातली रक्कम रोज संध्याकाळी दुसऱ्या खात्यात जाते, आणि त्या दुसऱ्या खात्याला कुठलंच ॲप नाही. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, डबी बोलली तरच माल हलतो. एखाद्या कंपनीकडून 'आमचं खातं बदललंय' असा मेसेज आला, तर जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन लावून विचारायचं, मेसेजमधल्या नंबरवर नाही. आणि प्रत्येक यूपीआय विक्रीचं बिल फाडायचंच. याला काकांचा विरोध होता. पण शेजारच्या मोबाइलवाल्याचं खातं एकदा गोठलं, कारण त्याच्याकडे खरेदी करणाऱ्याने चोरीचे पैसे दिले होते. माल खरोखर विकला हे दाखवायला त्याच्याकडे कागदच नव्हता. त्या दिवसापासून काका बिलबुक हाताशी ठेवतात.

मागच्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. मोठी ऑर्डर, आगाऊ पैसे, घाई. काकांनी शांतपणे विचारलं, "धुळ्यात तुम्हाला कोण ओळखतं?" फोन कटला.

४८,५०० पैकी ११,२०० रुपये एका खात्यात अडकून राहिले होते. कोर्टाच्या आदेशाने ते सात महिन्यांनी परत आले. काकांनी त्या दिवशी रोजमेळात जमेच्या बाजूला रक्कम लिहिली, आकड्यात आणि अक्षरात. मग जरा थांबून, मला दिसेल असं वही वळवून, खाली लिहिलं: निमे पाच हजार सहाशे.