दूध, सफरचंदे आणि अक्षरओळख

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अॅनिमल फार्म’ ही छोटी कादंबरी ऑगस्ट १९४५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तिच्याविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा एका वाक्यात आटोपते: सत्ता माणसाला भ्रष्ट करते आणि अनिर्बंध सत्ता पुरती भ्रष्ट करते. हा विचार मुळात ऑर्वेलचा नाही. लॉर्ड अॅक्टन या इंग्रज इतिहासकाराने १८८७ साली एका पत्रात तो मांडला. राजे आणि पोप यांच्या कृत्यांचा न्याय करताना त्यांना सामान्य माणसापेक्षा सवलत द्यावी काय, असा तो वाद होता आणि अॅक्टनचे उत्तर नकाराचे होते. परंतु आपण हे वाक्य सुभाषितासारखे उच्चारतो आणि तेथेच थांबतो. सत्ता अनिर्बंध होते ती कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या मौनामुळे, हा खरा प्रश्न मग बाजूला पडतो. ज्या समाजाला शतकानुशतके सत्तेपासून आणि अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला हा प्रश्न बाजूला ठेवणे परवडणारे नाही.

कथेतून राजकारण वाचणे आपल्याला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दशावतारांच्या कथा अशाच उलगडल्या. वामनाने बळीला पाताळात घातले ही त्यांच्या लेखी देवाची लीला नव्हती. जेत्यांनी जितांवर केलेल्या आक्रमणाचा तो झाकलेला इतिहास होता. पुराणातले रूपक जेत्यांनी रचले होते आणि फुल्यांनी ते फोडले. ऑर्वेलचे रूपक मात्र बंडाच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाने, बंडाशी झालेल्या दग्याविषयी रचलेले आहे.

हा माणूस कोण होता हे ध्यानात घेतले पाहिजे. १९०३ साली बिहारमधील मोतीहारीत त्याचा जन्म झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. स्वतः ऑर्वेलने १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून साम्राज्याची चाकरी केली आणि ती सोडून दिली. १९३६ च्या अखेरीस तो स्पेनला गेला, फॅसिस्टांविरुद्ध लढला, मे १९३७ मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी गेली. ज्या मार्क्सवादी पण स्टालिनविरोधी पक्षाच्या पथकात तो लढला, त्या पक्षालाच पुढे फॅसिस्टांचा हस्तक ठरवून दडपण्यात आले. खोटे किती पद्धतशीरपणे खरे केले जाते हे त्याने तेथे पाहिले. म्हणून ‘अॅनिमल फार्म’ हे समाजवादाच्या शत्रूचे पुस्तक नाही, एका समाजवाद्याचे आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. जुलमी मालकाला हाकलून जनावरे शेत ताब्यात घेतात. भिंतीवर सात आज्ञा लिहिल्या जातात. पुढे नेपोलियन नावाचे डुक्कर आपला प्रतिस्पर्धी स्नोबॉल याला कुत्री सोडून पळवून लावते. पवनचक्कीच्या नावाखाली जनावरे अर्धपोटी राबतात, न केलेल्या गुन्ह्यांची कबुली देऊन मारली जातात. रशियाचा इतिहास ताडून पाहावा. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला. ट्रॉट्स्कीला १९२९ मध्ये देशाबाहेर घालवण्यात आले आणि १९४० मध्ये मेक्सिकोत त्याचा खून झाला. १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत खटले चालले आणि क्रांतीचे जुने शिलेदार स्वतःलाच देशद्रोही म्हणवून घेत मरणाला सामोरे गेले. १९३४ च्या पक्षपरिषदेने मध्यवर्ती समितीवर जे १३९ सदस्य आणि उमेदवार-सदस्य निवडले, त्यांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घालण्यात आल्या, हे १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हनेच सांगितले.

परंतु माझ्या मते या रूपकाचा गाभा खटल्यांत नाही आणि कुत्र्यांतही नाही. तो दुधात आणि सफरचंदांत आहे. बंडाच्या पहिल्याच दिवशी गायींचे दूध नाहीसे होते. पुढे कळते की ते डुकरांच्या खाण्यात मिसळले जाते. झाडाखाली पडलेली सफरचंदेही त्यांच्यासाठीच राखली जातात. खुलासा असा, की आम्ही डोक्याचे काम करतो, आम्ही अशक्त झालो तर जुना मालक परत येईल, तेव्हा तुमच्याच भल्यासाठी आम्ही हे खातो. या एका गोष्टीवर सगळ्या डुकरांचे एकमत असते. नेपोलियनचे असते आणि स्नोबॉलचेही असते. ज्याला आपण चांगला नेता समजतो, त्यानेही ते दूध प्यालेले आहे. ऑर्वेलने एका मित्राला पत्रात स्पष्ट लिहिले होते, की गोष्टीला कलाटणी येथे मिळते. जनावरांनी त्याच वेळी पाय रोवून हरकत घेतली असती तर पुढचे अनर्थ टळले असते. अनिर्बंध सत्तेची सुरुवात हत्येने होत नाही. ती एका लहानशा सवलतीने होते, आणि ती सवलत चळवळीच्या हिताच्या नावाने मागितली जाते.

ही सवलत डुकरांना मागता आली कशी? त्यांना वाचता येत होते म्हणून. मालकाच्या पोरांचे उकिरड्यावर फेकलेले अंकलिपीचे पुस्तक मिळवून त्यांनी अक्षरे गिरवली. ज्यांच्या घरात आधीच्या पिढीपर्यंत अक्षर नव्हते, त्या आपल्यासारख्यांनी हा तपशील वाचून थांबले पाहिजे. राबणारा बॉक्सर घोडा चार अक्षरांच्या पुढे जात नाही. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरे येतात, पण शब्द जुळत नाहीत. म्हणून भिंतीवरच्या आज्ञा रातोरात बदलल्या जातात तेव्हा तिला फक्त शंका येते. आज्ञा सुरुवातीला पुसल्याही जात नाहीत. त्यांच्या शेपटाला दोन शब्द जोडले जातात, आणि जे निषिद्ध होते ते सोयीचे होते. लिखित नियम असणे पुरेसे नसते. तो वाचणारे डोळे सर्वांना असावे लागतात.

आणि एक जनावर असे आहे, ज्याला डुकरांइतकेच उत्तम वाचता येते. बेंजामिन गाढव. पण वाचण्याजोगे काही नाही म्हणून ते वाचत नाही. बॉक्सर खचून पडल्यावर त्याला नेणारी गाडी खाटकाची आहे, हे ती गाडी निघण्याच्या बेतात असताना बेंजामिन ओरडून वाचून दाखवते. तोवर दार बंद झालेले असते. मित्रहो, आपल्या महाविद्यालयांतून, कचेऱ्यांतून आणि साहित्य संमेलनांतून असे किती बेंजामिन बसलेले आहेत! सगळे समजते, कोठेही बोलत नाहीत, आणि या न बोलण्याला तटस्थता म्हणतात. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिल्याची व्यथा बोलून दाखवली. ती व्यथा दूध पिणाऱ्यांविषयी होती, तशीच मुक्या वाचकांविषयीही होती असे मला वाटते.

या पुस्तकाच्या प्रकाशनाचा इतिहासही बोलका आहे. रशिया तेव्हा इंग्लंडचा युद्धातला मित्र होता, म्हणून एकामागून एक प्रकाशकांनी ते नाकारले. फेबर या प्रकाशनसंस्थेतर्फे कवी टी. एस. एलियट यांनी १९४४ मध्ये नकार कळवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की डुकरे तर सर्वांत बुद्धिमान, तेव्हा शेत चालवायला तीच लायक. उणीव होती ती लोकहिताची चाड असलेल्या डुकरांची. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ज्ञान एकाकडे असावे, इतरांनी राबावे, ज्ञानी माणूस सज्जन असला की झाले! चातुर्वर्ण्याचे समर्थन याहून वेगळे काय आहे? १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त बाबासाहेबांनी नेमके हेच हाणून पाडले. पालक म्हणवणाऱ्याने कर्तव्य सोडले तर पाल्याने काय करायचे, हा त्यांचा सवाल होता. प्रत्येकाला विद्या आणि स्वसंरक्षणाचे साधन स्वतःजवळ हवे, ते दुसऱ्याच्या सज्जनपणावर सोपवून चालणार नाही.

येथेच ऑर्वेलशी माझे भांडणही आहे. त्याच्या शेतावर डुकरे जन्मानेच हुशार आहेत आणि मेंढरे जन्मानेच मठ्ठ. प्राण्यांचे रूपक घेतले की बुद्धी जातीला चिकटते. फुले-आंबेडकरी विचार हे मान्य करू शकत नाही. बॉक्सर चार अक्षरांवर अडतो तो घोडा म्हणून नव्हे. दिवसभर दगड ओढणाऱ्याला शिकायला वेळ कोणी ठेवला होता? अज्ञान निसर्गाने दिलेले नसते, ते घडवलेले असते. म्हणून बदलता येते. हे न सांगितल्यामुळेच या पुस्तकातून बंड व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे प्रस्थापितांना सोपे गेले. १९५४ साली त्यावर निघालेल्या व्यंगपटाला अमेरिकन गुप्तहेर खात्याने छुपा पैसा पुरवला होता, आणि त्याचा शेवटही बदललेला होता. सत्तेवरच्या रूपकाचाही सत्तेने असा वापर करून घेतला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. बुद्धाने आपल्या मागे कोणी वारस नेमला नाही, धम्मालाच मार्गदर्शक ठरवले, त्याचे मर्म हेच. आपण मात्र इशारा देणाऱ्याचीच आरती करतो, आणि त्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या लहानमोठ्या पुढाऱ्यांना जाब विचारणे म्हणजे चळवळीशी द्रोह मानतो. विरोधकांचे फावेल, आताच नको, असे म्हणतो. जुना मालक परत येईल हा धाक आपल्याकडे खराही आहे; तो गेलेलाच नाही. पण म्हणूनच दुधाचा हिशेब पहिल्या दिवशी, भर सभेत आणि आपल्या माणसाला विचारला पाहिजे. ज्याला वाचता येते त्याने भिंतीवरचे मोठ्याने वाचले पाहिजे, आणि शेजारच्याला वाचायला शिकवले पाहिजे. गाडीचे दार बंद झाल्यावर केलेल्या वाचनाचा बॉक्सरला काही उपयोग नसतो.