रूळ सांभाळणारी आपली माणसं

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका आपल्या घराघरांत जात आहे. ज्या रेल्वेच्या धडधडीत आपल्या वस्तीच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्या रेल्वेशी आपलं नातं काय, याची या प्रसंगी थोडक्यात उजळणी करावी म्हणून हा लेख. घाटकोपरचा इतिहास निघाला की पेठा, बंगले, देवळं यांच्याबद्दल भरभरून बोललं जातं. रूळ सांभाळणाऱ्यांचं नाव मात्र कुणी काढत नाही. ते काम आपल्यालाच करायला हवं.

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. १४ डबे, ३ इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे आणि अंतर २१ मैल. ती गाडी आजच्या आपल्या घाटकोपरवरूनच पुढे गेली. डब्यात बसलेल्या पाहुण्यांची नोंद झाली. भराव घालणाऱ्या, खडी फोडणाऱ्या मजुरांची कुणी केली नाही. पुढे जी.आय.पी. रेल्वे कंपनीचा कारभार १९२५ साली सरकारने हाती घेतला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली. मालक बदलले, पाट्या बदलल्या. रुळांवरचा गँगमन मात्र होता तिथेच राहिला.

गँगमनचं काम म्हणजे काय, हे आजच्या मुलांना माहीत असावं. रूळ लोखंडाचा असला तरी आपोआप जागेवर राहत नाही. गाड्यांच्या वजनाने खडी दबते, पावसात भराव खचतो, उन्हात रूळ वाढतो. म्हणून टोळीने पहारी, घण घेऊन खडी ठोकून भरायची, स्लीपर सरळ करायचे, सैल झालेल्या चाव्या ठोकत मैलोन् मैल चालायचं. हे सगळं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात! लोकलमध्ये बसून आपण वेळेवर कामाला पोचतो, ते या माणसांच्या जिवावर.

या कामगारांचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं ते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. दि. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या दलित वर्गीय कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला भेदभाव उलगडून दाखवला. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागला की जन्मभर गँगमनच. वरची जागा नाही. त्याला साधं पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो! रूळ त्याच्या हातचा चालतो, पाणी चालत नाही. त्या रुळावरून जाणाऱ्या एकाही प्रवाशाने मात्र कधी विटाळ पाळला नाही. शिकलेल्या पोरांनी हे विसरू नये. आज आपल्यातले जे तिकीट तपासनीस, मोटरमन, कारकून झाले, त्यांची वाट त्या परिषदेने मोकळी करायला घेतली.

रेल्वेच्या, गिरणीच्या, विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांच्या कामासाठी माणसं येत राहिली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली, देशावरची कुटुंबंच्या कुटुंबं गाठोडं घेऊन मुंबईत उतरली. खाजण बुजवून झोपडी उभी करायची, नळावर रात्र काढायची, पहाटेची लोकल गाठायची, असं ते जगणं. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात वीस दिवस चुली कशा पेटल्या, ते त्या काळच्या बायांनाच विचारावं. १९७६ साली झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास मिळाला. त्या एका कागदाने ‘तुम्ही इथले’ असं पहिल्यांदा मान्य केलं.

याच रेल्वेने आपल्या माणसांना १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी नागपूरला नेलं. अवघ्या दोन महिन्यांत, ७ डिसेंबरला, याच रेल्वेने त्यांना दादरला बाबासाहेबांच्या अंत्यदर्शनाला नेलं. आजही ५ आणि ६ डिसेंबरच्या रात्री जादा लोकल सुटतात आणि पांढऱ्या कपड्यांतली गर्दी शांतपणे फलाटावर उभी असते.

११ जुलै १९९७ चा दिवस लिहिल्यावाचून घाटकोपरचा इतिहास पुरा होणार नाही. माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या आघाताने शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. दर ११ जुलैला आपण मेणबत्त्या लावतो, त्या या दहा जणांसाठी.

आता काळ झपाट्याने बदलतो आहे. ८ जून २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. रमाबाई नगरच्या पुनर्विकासाचं काम एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हाती घेतलं आहे. पक्की घरं मिळावीत, हा आपला हक्कच आहे. पण चाळ पाडली जाते, तेव्हा भिंतीबरोबर आठवणही ढिगाऱ्यात जाते. कोणत्या गल्लीत पहिला नळ आला, कोणता गँगमन रुळावर गेला, कोणत्या मावशीने विहारासाठी विटा वाहिल्या, हे सांगणारी माणसं एकेक करून आपल्यातून जात आहेत.

म्हणून आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे. जुने फोटोपास, रेल्वेचे पास, पगाराच्या चिठ्ठ्या, फोटो जपून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, त्यांच्या तोंडून ऐका आणि वहीत लिहून काढा. त्या वह्या विहाराच्या कपाटात ठेवू. दुसरा कुणी येऊन आपला इतिहास लिहील, याची वाट पाहण्यात आता अर्थ नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!